ज्वारी-नाचणीचा ब्रेड वीट का होतो, आणि भाकरीची उकड त्याला कशी तारते

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात राहता, घरी ओटीजी म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे. सासऱ्यांना साखर आहे म्हणून घरात मैदा बंद केलाय. घरच्या दळणाच्या कणकेचा एक, खपलीचा एक, अर्धी ज्वारी घालून एक आणि अर्धी नाचणी घालून एक असे चार ब्रेड तुम्ही केलेत आणि चारही बिघडले. कणकेचा आतून गिच्च राहिला, खपलीचा पसरला, ज्वारीचा कापताना चुरा झाला आणि नाचणीचा वीट झाला. यीस्ट दोनदा बदललंत. आता विचारताय की मैद्याशिवाय ब्रेड होतच नाही का? आणि भाचीला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद सांगितलाय, तिच्यासाठी काही करता येईल का?

होतो. राजारामपुरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं मी ब्रेड करते आणि शिकवते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मैद्याशिवायच्या ब्रेडमागे गेली आहेत. यीस्टचा काही दोष नाही, बदलण्याआधीचंच आणलंत तरी चालेल. तुमचे चार ब्रेड चार वेगवेगळ्या कारणांनी बिघडलेत आणि कृती मात्र चौघांना एकच वापरली गेली आहे. खरी अडचण तिथे आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट घरी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. लोकवन गव्हाची कणीक, खपलीची कणीक आणि ज्वारीचं पीठ, प्रत्येकी मूठभर घेऊन तीन घट्ट गोळे मळा. वीस मिनिटं झाकून ठेवा. मग एकेक गोळा पातेल्यातल्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळत धुवा. लोकवनचा गोळा धुताना पाणी दुधासारखं पांढरं होत जाईल, कोंडा खाली बसेल आणि हातात राखाडी-पिवळट रबरासारखा तुकडा उरेल, ओढला तर ताणेल आणि सोडला तर मागे येईल. खपलीचाही तुकडा उरेल, पण तो मऊ असेल. ओढला की लांबेल आणि मागे न येता तुटेल. ज्वारीचा गोळा पाण्यात पूर्ण विरघळून जाईल, हातात काहीच राहणार नाही. तो रबरासारखा तुकडा म्हणजे ग्लुटेन. गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाण्यात भिजून एकमेकांना धरतात तेव्हा ते तयार होतं. यीस्ट वायू सोडतं, ग्लुटेन तो फुग्यासारखा धरून ठेवतं आणि ओव्हनमध्ये तो फुगा तसाच घट्ट होतो. यालाच आपण ब्रेड म्हणतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांच्यात हा फुगाच नाही. यीस्ट कितीही ताजं असलं तरी ते भरणार कशात?

आता तुमचा कणकेचा ब्रेड. इथे मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुमच्या दळणात सोयाबीन असतं का? आपल्याकडे बऱ्याच घरांत दहा किलो गव्हाला किलोभर सोयाबीन आणि मूठभर मेथी घालून दळण देतात. चपातीला ते चालतं. ब्रेडला नाही. सोयाबीनमध्ये ग्लुटेन नाही, उलट त्याचं पीठ पाणी ओढून घेतं आणि जाळं विरळ करतं. ब्रेडसाठी निव्वळ गव्हाचं दळण वेगळं काढा. गिरणीत "गव्हावर गहू" असा आग्रह आपण धरतोच, ज्वारीवर गहू टाकला की पहिली दोन-तीन किलो कणीक चरचरीत होते. ब्रेडसाठी हा आग्रह दुप्पट धरा आणि "बारीक दळा" म्हणून सांगा. जाड कोंड्याच्या कडा ग्लुटेनचा पडदा आतून कापतात.

गव्हाची जात कोणती, यानेही फरक पडतो. लक्ष्मीपुरीत दुकानदार लोकवन, शरबती, बन्सी, खपली अशी नावं सांगतो. लोकवन म्हणजे मुळात लोक-वन, सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं 'लोक-१' हे वाण, बोलता बोलता आपण त्याचं लोकवन केलं. घरच्या ब्रेडला माझी पहिली पसंती हीच. शरबतीची चपाती मऊ होते, ब्रेडही चांगला होतो. बन्सीची कणीक पिवळी, प्रथिनं भरपूर, पण ती ताणत नाही. ती रव्याला, शेवयांना ठेवा.

गिच्चपणाचं दुसरं कारण गिरणीच्या दगडातच आहे. दगडाखाली गहू रगडला जातो तेव्हा स्टार्चचे पुष्कळ कण फुटतात. फुटलेला कण पाणी जास्त पितो, म्हणून तर आपली चपाती मऊ राहते. पण ब्रेडमध्ये तेच पाणी यीस्ट काम करत असताना हळूहळू सुटतं, शिवाय फुटलेल्या स्टार्चची साखरही पटकन होते. पीठ दोन-तीन तास फुगत ठेवलं की ते सैल, चिकट होत जातं आणि भाजल्यावर आत ओलसर थर राहतो. म्हणून घरच्या कणकेला फुगायला मैद्यापेक्षा कमी वेळ द्यायचा. मैद्याच्या कृतीत "दुप्पट होईपर्यंत, मग पुन्हा दुप्पट" असं लिहिलेलं असतं. कणकेला दुसऱ्यांदा दुप्पट होऊ द्यायचं नाही, दीडपट झालं की लगेच ओव्हनमध्ये. आणि तिसरं कारण, गरम ब्रेड कापणं. तुम्ही लिहिलंय की मुलांनी धीर धरला नाही. समजू शकते, वासच तसा असतो. पण भट्टीतून निघालेला ब्रेड आतून अजून शिजतच असतो, स्टार्च थंड होताना घट्ट होतो. दोन तास जाळीवर राहू द्या. ताटलीत नको, खाली वाफ धरते.

माझी रोजची लोकवनची कृती देते. वजन काट्यावरच करा, वाटीने नको. एकाच वाटीत कणीक दाबून भरली की २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो.

कणीक ५०० ग्रॅम, पाणी ३७० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, गूळ २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, तेल २० ग्रॅम. पाण्यातलं चार चमचे पाणी बाजूला ठेवून उरलेल्या पाण्यात गूळ विरघळवा आणि फडक्यातून गाळून घ्या, आपल्या गुळात उसाची चोयटी असतेच. त्या पाण्यात कणीक नुसती कालवून चाळीस मिनिटं झाकून ठेवा. ही चाळीस मिनिटं सोडू नका. कोंडा भिजून मऊ होतो आणि तुम्ही न मळता ग्लुटेन आपापलं जुळू लागतं. मग बाजूच्या पाण्यात यीस्ट कालवून घाला, मीठ घाला आणि मळायला घ्या. पीठ चपातीच्या कणकेपेक्षा बरंच सैल वाटेल, हाताला चिकटेल. कोरडी कणीक लावायचा मोह आवरा, हात पाण्यात बुडवून घ्या. परातीत तळव्याने पुढे ढकला, घडी घाला, फिरवा. बारा-पंधरा मिनिटं असंच. शेवटी तेल. लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणून उजेडासमोर धरा. कोंड्याचे ठिपके दिसतील, पण मधला पडदा लगेच न फाटता पलीकडचा उजेड दाखवेल. तो दिसला की मळणं संपलं.

फुगायला किती वेळ, हे घड्याळाला विचारू नका, हवेला विचारा. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात बत्तीस-तेहतीस अंश असतात, तेव्हा पाऊण तासात पीठ दुप्पट होतं. डिसेंबरच्या सकाळी तेच पीठ दोन तास घेतं. ढोबळमानाने आठ-दहा अंश वाढले की वेळ जवळजवळ निम्मा होतो. उन्हाळ्यात मी यीस्ट ५ ऐवजी ३ ग्रॅम घेते आणि पाणी माठातलं वापरते. पावसाळ्यात पीठ मुळातच हवेतली ओल धरून बसलेलं असतं, तेव्हा पाणी १०-१५ ग्रॅम कमी.

फुगलेलं पीठ हलकेच दाबून आयत करा, घट्ट वळकटी करा, सांधा खाली ठेवून तेल लावलेल्या साच्यात घाला. ९ इंच बाय ५ इंचाचा साचा या मापाला बरोबर बसतो. पुन्हा फुगू द्या. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला, की वेळ झाली. पटकन भरून आला तर अजून थांबा. भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच भाजा. ओव्हन २०० अंशांवर वीस मिनिटं आधी तापवलेला हवा. पहिली दहा मिनिटं २०० वर, मग १८० वर पंचवीस ते तीस मिनिटं. छोट्या ओटीजीत वरची कांडी फार जवळ येते, म्हणून साचा खालच्या जाळीवर ठेवा आणि वीस मिनिटांनी वरून फॉइल झाका. शिजलाय का हे सुरी खुपसून नीट कळत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९४-९५ अंश दिसायला हवेत. नसेल तर साच्यातून काढून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा.

आता ज्वारी. माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं याच भागात आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

माझी आजी गडहिंग्लज भागातली. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरायला लागली की ती म्हणायची, "पीठ विरी गेलंय," आणि चुलीवर आधण ठेवायची. उकळतं पाणी काटवटीतल्या पिठात ओतायचं, उलथण्याने कालवायचं, झाकायचं आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळायचं. मग तीच भाकरी न चिरता गरगर फिरायची. मी ब्रेड शिकायला लागले तेव्हा सुरुवातीची पाच-सहा वर्षं ज्वारीच्या ब्रेडवर डोकं आपटलं. ज्वारी कमी कर, मैदा वाढव, अंडं घाल, ग्लुटेन पावडर घाल. ब्रेड व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी वाळूसारखा कोरडा. मग एके दिवशी आजीच्या काटवटीची आठवण झाली आणि ज्वारीचं पीठ कोरडं न घालता त्याची उकड घातली. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात ज्वारीचा ब्रेड उकडीशिवाय झालेला नाही.

कारण सरळ आहे. ज्वारीला ग्लुटेन नाही, पण स्टार्च आहे. थंड पाण्यात स्टार्चचे कण पाणी जवळजवळ घेतच नाहीत, ते वाळूच्या कणांसारखे कोरडे पडून राहतात. ७० अंशांच्या पुढे गेले की फुगतात, फुटतात, चिकट होतात आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसतात. गव्हाचा स्टार्च ६० च्या आसपासच हे करतो, ज्वारी आणि तांदळाला जास्त उष्णता लागते. म्हणूनच कोमट पाणी चालत नाही, आधण खळखळून उकळलेलंच हवं. कोरडी ज्वारी ब्रेडमध्ये घातली की ती मळताना गव्हाच्या वाट्याचं पाणी हळूहळू ओढते आणि ब्रेड चुरा होतो. उकड करून घातली की ती स्वतःचं पाणी सोबत घेऊन येते, गव्हाच्या पाण्याला हात लावत नाही, आणि ब्रेड तीन दिवस मऊ राहतो. जपान-चीनकडे मऊ पावासाठी गव्हाचं पीठ पाण्यात शिजवून त्याची खळ घालतात, तिची जगभर वाखाणणी होते. आपल्या घरात मोदकाची, भाकरीची, पापडाची उकड पिढ्यान् पिढ्या आहे. तीच वापरायची.

माप असं: ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, उकळतं पाणी २०० ग्रॅम, लोकवनची कणीक ४०० ग्रॅम. ज्वारी शाळूची असेल तर उत्तम, रंगाने आणि चवीला गोड. भाकरीचंच ताजं पीठ घ्या. पाणी एकदम ओतून लाकडी चमच्याने कालवा, कोरडं पीठ दिसायला नको, झाकून पूर्ण थंड करा. इथे घाई करून मी स्वतः दोन ब्रेड घालवलेत. उकडीचा गोळा वरून गार लागतो आणि आत तासभरही गरम असतो, आणि साधारण ५५-६० अंशांत यीस्ट मरतं. गोळा फोडून, ताटात पसरून बोट घालून बघा. मग कणीक, १८० ग्रॅम पाणी, गूळ आणि यीस्ट-मीठ वरच्याच क्रमाने. पीठ फारच घट्ट वाटलं तर आणखी २०-३० ग्रॅम पाणी. ज्वारी एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ठेवा. हात बसला की चौथ्या हिश्शापर्यंत जा. तुम्ही थेट अर्धी घेतलीत. अर्ध्या ज्वारीला पेलायला गव्हाचं जाळं उरतच नाही, मग ती उकड असो की कोरडी.

या ब्रेडची माझ्या घरची परीक्षा मिसळीवर होते. कोल्हापुरात मिसळ ब्रेडच्या जाड स्लाइसशी खाल्ली जाते, पावाशी कमी. स्लाइस कटात बुडवून तीन आकडे मोजायचे आणि उचलायची. तुटून तळाला बसली तर ब्रेड फसला. कट पिऊन लाल झाली, वजनाने वाकली आणि तरीही अखंड तोंडापर्यंत आली तर जमला. उकडीचा ज्वारी ब्रेड हे नेहमी निभावतो. चवीलाही तो तांबड्या रश्श्याजवळचा आहे, भाकरीचा वास त्यात राहतो.

नाचणीलाही उकडच, पण तिचा स्वभाव वेगळा. तिच्या दाण्यावरचा टरफलाचा थर दळल्यावरही बारीक रेतीसारखा जाणवतो, म्हणून वस्त्रगाळ पीठ घ्या आणि पाणी ज्वारीपेक्षा थोडं जास्त, १०० ग्रॅमला २२० ग्रॅम. पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नका. कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे पाचवा हिस्सासुद्धा वाया जात नाही. आजरा-चंदगडकडची नाचणी मिळाली तर मी तीच घेते, वास खमंग असतो. आणि एक धोका. तुम्ही "मोड आणलेल्या नाचणीचं पीठ वापरलं" असं ओझरतं लिहिलंय, तुमची वीट तिथेच झालीय. मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारी विकरं तयार होतात, लहान मुलांची नाचणीची पेज मोडाच्या पिठाने पातळ राहते ती त्यांच्यामुळेच. ब्रेडमध्ये अर्धं तेच पीठ घातलं की ते ब्रेडचा सगळा स्टार्च आतून सैल करतं. ब्रेड फुगलेला दिसतो आणि भाजताना बसतो, आतून चिक्कीसारखा चिकट. याची उकडसुद्धा पातळ होऊन वाहते. मोडाचं पीठ ५०० ग्रॅम पिठाला एक चमचा घाला, बस. तेवढ्याने रंग सुंदर येतो आणि यीस्टला खाऊ मिळतो.

खपलीबद्दल लोक फार आशेने विचारतात. जुना गहू, चव अप्रतिम, तिची खीर आणि पुरणपोळी यांना तोड नाही. पण मघाच्या धुण्याच्या प्रयोगात बघितलंत, तिचं ग्लुटेन लांबतं आणि मागे येत नाही. म्हणून ब्रेड पसरतो. तिला लोकवनसारखं पंधरा मिनिटं तिंबलं की जाळं तुटून पीठ चिकट होतं. पाणी कमी, ५०० ग्रॅमला ३३० ग्रॅमपर्यंत. मळणं चार-पाच मिनिटं, नंतर अर्ध्या अर्ध्या तासाने परातीतच दोनदा घड्या घाला. एकदाच फुगवा आणि साच्यातच भाजा, मोकळा गोल ब्रेड खपलीचा नको. निम्मी खपली, निम्मी लोकवन घेतलीत तर चव खपलीची आणि उंची लोकवनची मिळते. मी स्वतः तशीच करते.

बाजरी फक्त थंडीत, दळून चार-पाच दिवसांच्या आत, दहावा हिस्सा. तिच्या पिठात तेलाचा अंश जास्त असल्याने ते लवकर कडू होतं आणि तो कडवटपणा ब्रेडमध्ये लपत नाही. मक्याचं पीठ उकड करून, ज्वारीच्याच मापाने. तांदळासाठी तर पीठ दळायचीही गरज नाही. रात्रीचा उरलेला मऊ भात १०० ग्रॅम कुस्करून ४०० ग्रॅम कणकेत घाला आणि पाणी ५०-६० ग्रॅमने कमी करा. आजऱ्याच्या घनसाळ या सुवासिक तांदळाचा भात असेल तर ब्रेड भाजताना सगळ्या घरात त्याचा वास पसरतो.

सासऱ्यांसाठी एक स्पष्ट सांगते. ज्वारीचा असो की कणकेचा, ब्रेडमध्ये पिष्ट आहेच. दोन जाड स्लाइस म्हणजे त्यांच्या जेवणातल्या चपाती-भाकरीच्या जागी, जास्तीच्या म्हणून नव्हे, आणि किती हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून. हवं तर गूळ अजिबात घालू नका, कणकेतल्या स्वतःच्या साखरेवरही यीस्ट चालतं, थोडं सावकाश. बाहेरचा ब्राऊन ब्रेड आणायची वेळ आली तर पाकिटामागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव मैद्याचं असेल तर तपकिरी रंगावर जाऊ नका. ब्रेड फुगवायला वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये आपल्याकडे बंद झालं, ते चांगलंच झालं. पण मैदा तो मैदाच.

आणि आता भाची. हे अगदी लक्ष देऊन वाचा. सिलिअॅकसाठी, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या आजारासाठी, गहू बंद असेल तर खपलीही बंद. खपली हा गहूच आहे, तिच्यात ग्लुटेन आहे, मघाशी तुम्ही ते हातात धरलंत. रवा, शेवया, सातू म्हणजे जवसुद्धा बंद. आणि दुसरी गोष्ट मी कटू अनुभवातून शिकलेय. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलाला हाच आजार निघाला. मी मोठ्या हौसेने त्याला निव्वळ ज्वारीचा ब्रेड करून दिला आणि त्या रात्री त्याच्या पोटात दुखायला लागलं. गहू माझ्या ब्रेडमध्ये नव्हता, पण ज्वारी नेहमीच्या गिरणीतून दळून आणली होती आणि माझ्या आधीचं दळण गव्हाचं होतं. दगडात आणि पिशवीत राहिलेली मूठभर कणीक माझ्या पिठात आली होती. विचारायचं मला सुचलं नाही. चूक माझी होती आणि त्या मुलाचा उतरलेला चेहरा मी विसरले नाही. भाचीसाठी गिरणीचं पीठ आणू नका. घरघंटी असेल आणि तिच्यात कधीच गहू पडला नसेल तरच ती वापरा. नाहीतर ग्लुटेन-फ्री असं छापलेली बंद पाकिटं घ्या. साचा, चाळण, परात, लाकडी चमचा, सगळं तिचं वेगळं. ज्या ओव्हनमध्ये कणकेचा ब्रेड भाजता त्याची जाळी घासून घ्या आणि तिचा ब्रेड त्या दिवशी पहिला भाजा.

तिच्या ब्रेडमध्ये ग्लुटेनचं काम इसबगोल करतो. ज्वारीचं पीठ २५० ग्रॅम, तांदळाचं १००, साबुदाण्याचं ५०, इसबगोलाची साल २० ग्रॅम, मीठ ७, यीस्ट ६, गूळ १५, तेल २० आणि पाणी ४१० ग्रॅम. साबुदाण्याचं पीठ आणि इसबगोल हेही ग्लुटेन-फ्री पाकिटातलेच. इसबगोल कोमट पाण्यात फेटून पाच मिनिटं ठेवा, घट्ट जेली होईल. मग सगळी पिठं आणि बाकीचं घालून तीन-चार मिनिटं नीट कालवा, इथे तिंबण्याने काही मिळत नाही. ओल्या हाताने वळून साच्यात घाला. फुगणं एकदाच, पाऊण तास, दुप्पट व्हायची वाट बघू नका. २०० अंशांवर पन्नास ते साठ मिनिटं भाजा, कारण पाणी खूप आहे. पूर्ण गार झाल्यावरच कापा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. हा ब्रेड गव्हाच्या ब्रेडसारखा पिसासारखा हलका होणार नाही. पण स्लाइस धरते, तव्यावर तूप लावून भाजली की खरपूस होते, आणि इतर मुलांच्या ताटात ब्रेड असताना तिच्या ताटात तो असतो. त्या मुलाच्या घरी दर आठवड्याला अजून हाच ब्रेड होतो, आता त्याची आईच करते.

चारही ब्रेड एकदम करायला घेऊ नका. येत्या रविवारी फक्त लोकवनचा करा. तोपर्यंत अडीच किलो गहू निवडून, सोयाबीन-मेथी न घालता, गव्हावरच बारीक दळून आणा. दळून आलेलं पीठ हाताला गरम लागतं, तोंड उघडं ठेवून ते गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी वापरा. पाणी किती लागलं आणि पहिल्यांदा फुगायला किती मिनिटं लागली, हे दोन आकडे वहीत लिहा आणि मला कळवा. त्यावरून तुमच्या गिरणीचं पीठ किती पाणी पितं ते मला कळेल, मग ज्वारीच्या उकडीचं तुमचं नेमकं माप मी सांगते.